विश्लेषण : कांद्याचा भाव संगणकाला कोण सांगतो? एपीआय, किल्ली आणि पहिली विनंती…

लासलगावला लिलाव सुरू झाले की कांद्याचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर थोड्याच वेळात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरू लागतात. देशभरातील बाजार समित्यांचे असे दर केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरही नोंदले जातात आणि तिथून ते कोणालाही स्वतःच्या प्रोग्रॅममधून थेट मागवता येतात. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प असो वा शेतमालाचे भाव दाखवणारे एखादे अ‍ॅप, त्याच्या मुळाशी अशीच एक विनंती असते. मात्र ती करताना ‘मी कोण’ हे आधी सांगावे लागते. काम दहा मिनिटांचे आहे, पण नवखे बहुधा तिथेच अडतात. काही जणांना तर आपण अडलो आहोत हेही कळत नाही आणि चुकीच्या आकड्यांवर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. ही पहिली विनंती नेमकी कशी करतात आणि त्यात चूक कुठे होते, याचा हा आढावा.

एपीआय म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळ माणसांनी वाचण्यासाठी असते, तर एपीआय प्रोग्रॅमनी वाचण्यासाठी. संकेतस्थळावर रंग, चित्रे, तक्ते, बटणे असतात. एपीआय फक्त माहिती देते, तीही ठरलेल्या साच्यात. बहुतेक ठिकाणी हा साचा ‘जेसन’ नावाचा असतो. त्यात प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या असतात. बाजारभावाच्या बाबतीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, तारीख, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे हे रकाने आहेत. दर रुपये प्रतिक्विंटल असतात.

हे आकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या यंत्रणेतून येतात. खुल्या माहितीचे ‘डेटा डॉट जीओव्ही डॉट इन’ हे संकेतस्थळ २०१२ मध्ये सुरू झाले. सरकारी पैशातून गोळा होणारी आणि गोपनीय नसलेली माहिती लोकांना वापरता यावी, असे सांगणारे राष्ट्रीय धोरण त्याच वर्षी आले होते.

माहिती खुली, मग ओळख कशासाठी?

बाजार समितीच्या आवारात कोणीही जाऊन लिलाव पाहू शकतो. बोली मात्र परवानाधारक व्यापाऱ्यालाच लावता येते. परवाना दोन गोष्टी सांगतो : हा माणूस कोण आणि त्याला काय करण्याची मुभा आहे. एपीआयच्या जगात यातल्या पहिल्या गोष्टीला ‘ऑथेंटिकेशन’ म्हणतात, तर दुसरीला ‘ऑथरायझेशन’. दोन्ही शब्द कानाला सारखेच वाटतात, पण पहिला ओळखीचा आहे आणि दुसरा अधिकाराचा.

खुल्या माहितीसाठीही ओळख मागितली जाते, कारण सर्व्हरची क्षमता मर्यादित असते. एकाच संगणकाने मिनिटाला हजारो विनंत्या केल्या तर इतरांचा रस्ता अडतो. विनंती कोणाची हे कळले, की प्रत्येकाला मर्यादा ठरवून देता येते. प्रोग्रॅमची साठवण करणाऱ्या ‘गिटहब’चे उदाहरण बोलके आहे. ओळख न देता त्यांच्या एपीआयला तासाला ६० विनंत्या करता येतात, तर टोकन दाखवले की वैयक्तिक वापरकर्त्यासाठी हीच मर्यादा ५,००० होते.

किल्ली कुठे मिळते?

खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून लॉगइन केले की ‘माय अकाउंट’ या पानावर एक लांबलचक, अर्थहीन वाटणारी अक्षरमाला दिसते. हीच ‘एपीआय-की’, म्हणजे किल्ली. ती पासवर्डसारखी आपण ठरवत नाही, यंत्रणा तयार करून देते.

या संकेतस्थळाने चाचणीसाठी एक नमुना किल्लीही सर्वांना उघडपणे दिली आहे. नोंदणी न करता तिने विनंती करून पाहता येते. पण तिच्यावर एका वेळी जास्तीत जास्त १० नोंदींचीच मर्यादा आहे. ही अट नजरेआड होते आणि पुढचा घोटाळा तिथेच सुरू होतो.

पहिली विनंती कशी करायची?

त्यासाठी मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. ‘कर्ल’ नावाचे छोटे साधन बहुतेक संगणकांवर आधीपासूनच असते. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी वाढवलेल्या या साधनाची सुरुवातही भाव मागवण्यातूनच झाली होती. गप्पांच्या ऑनलाइन कट्ट्यावर चलनांचे विनिमय दर दाखवता यावेत म्हणून १९९०च्या दशकात ते हाती घेतले गेले. ‘कर्ल’ हे नाव त्याला १९९८ मध्ये मिळाले.

विनंतीचा पत्ता तीन भागांत वाचावा. पहिला भाग सर्व्हरचा. दुसरा भाग माहितीसंचाचा, म्हणजे बाजारभावाच्या संचाला दिलेला लांब ओळख-क्रमांक. मग प्रश्नचिन्ह येते आणि त्यापुढे आपल्या मागण्या : किल्ली, उत्तराचा साचा, किती नोंदी हव्यात आणि कितव्या नोंदीपासून हव्यात. शेवटच्या दोन मागण्यांना ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’ म्हणतात. प्रत्येक दोन मागण्यांच्या मध्ये ‘अँड’चे चिन्ह असते. फक्त महाराष्ट्र आणि फक्त कांदा हवा असेल तर त्यापुढे गाळण्या, म्हणजे ‘फिल्टर्स’ जोडायचे.

इथे तीन बारीक चुका हमखास होतात. पहिली चूक अवतरणचिन्हांची. मॅक किंवा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत नसेल, तर ‘अँड’च्या चिन्हाचा अर्थ ‘इथवरची आज्ञा पार्श्वभूमीवर चालू दे’ असा घेतला जातो. परिणामी पहिली मागणी तेवढी जाते, बाकीच्या गळून पडतात. किल्ली बरोबर असूनही उत्तर भलतेच येते.

दुसरी चूक चौकोनी कंसांची. या एपीआयमध्ये गाळणीचे नाव चौकोनी कंसात लिहावे लागते, पण ‘कर्ल’ त्या कंसाला स्वतःच्या पद्धतीने ‘इथपासून तिथपर्यंत’ असा अर्थ लावू पाहते. ‘मायनस जी’ हा पर्याय दिला की ते कंसाला हात लावत नाही. पायथनमधील ‘रिक्वेस्ट्स’ वापरून मागण्या वेगळ्या दिल्या, तर दोन्ही कटकटी आपोआप मिटतात.

तिसरी चूक स्पेलिंगची. बाजाराचे नाव ज्या इंग्रजी स्पेलिंगने नोंदवले आहे तेच द्यावे लागते. लासलगावच्या बाबतीत मुख्य बाजार, निफाड आणि विंचूर अशा वेगवेगळ्या नावांनी नोंदी आढळतात. एकच नाव दिले तर बाकीचे आवार सुटते, आणि ते सुटल्याची सूचना कोणी देत नाही.

उत्तर आले, म्हणजे काम झाले?

नाही. प्रत्येक उत्तराबरोबर तीन अंकी क्रमांक येतो. २०० म्हणजे विनंती स्वीकारली. नवखा तो क्रमांक पाहून निश्चिंत होतो. पण नमुना किल्लीने शंभर नोंदी मागितल्या आणि दहाच आल्या तरी विनंती यशस्वीच ठरते. लाल अक्षरांतला कोणताही इशारा येत नाही.

म्हणून उत्तरातले दोन आकडे आधी पाहावेत : ‘टोटल’ आणि ‘काउंट’. गाळणीत बसणाऱ्या एकूण नोंदी किती हे पहिला सांगतो, तर त्यातल्या हातात किती आल्या हे दुसरा. दोन्ही सारखे नसतील तर माहिती अपुरी आहे. स्वतःची किल्ली असली तरी हे तपासावेच लागते. समजा एकूण १४० नोंदी आहेत आणि आपण १०० मागितल्या, तर उरलेल्या ४० साठी ऑफसेट १०० देऊन दुसरी विनंती करावी लागते.

दहा नोंदींनी असा काय फरक पडतो?

महाराष्ट्रात ३०० हून अधिक बाजार समित्या आहेत आणि कांद्याचे व्यवहार त्यातल्या अनेक ठिकाणी होतात. समजा, एखाद्या दिवशी राज्यात कांद्याच्या ६४ नोंदी आहेत आणि त्यांच्या सर्वसाधारण दरांची सरासरी क्विंटलला १,६५० रुपये आहे. नमुना किल्लीने यातल्या दहाच नोंदी आल्या आणि त्यांची सरासरी १,४०० निघाली. अ‍ॅपवर मात्र ‘राज्यातील आजचा सरासरी भाव १,४०० रुपये’ असे झळकले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण हिशेब खरा आहे. क्विंटलमागे २५० रुपयांचा फरक म्हणजे २० क्विंटलच्या एका ट्रॉलीमागे ५,००० रुपये. तो आकडा पाहून एखाद्याने बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला माल देऊन टाकला, तर नुकसान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे होत नाही.

शिवाय सर्व नोंदी मिळाल्या तरी दोन मर्यादा उरतात. या संचात आवक किती झाली याचा रकाना नाही. त्यामुळे हजारो क्विंटल आवक असलेला बाजार आणि पन्नास क्विंटलचा बाजार साध्या सरासरीत एकाच मापाने मोजले जातात. दुसरे म्हणजे, बाजारांची नोंद जसजशी होते तसतशी संचातली संख्या वाढते. सकाळी काढलेली सरासरी आणि संध्याकाळची सरासरी वेगळी येऊ शकते. त्यामुळे आकड्याशेजारी तारीख, वेळ आणि किती बाजारांच्या नोंदींवरून तो काढला हे लिहिणे हाच प्रामाणिकपणा.

४०१, ४०३, ४०४, ४२९ : हे क्रमांक काय सांगतात?

विनंती फसली की येणारा क्रमांक म्हणजे निदानच असते. ४०१ म्हणजे ‘तुम्ही कोण हे कळले नाही’. या क्रमांकाचे अधिकृत इंग्रजी नाव ‘अनऑथराइज्ड’ असे आहे. ते दिशाभूल करते, कारण तक्रार अधिकाराची नसून ओळखीची असते. किल्ली दिलीच नाही, चुकीच्या जागी दिली, अर्धवट कॉपी झाली किंवा तिची मुदत संपली, ही त्याची नेहमीची कारणे. कॉपी करताना शेवटी चिकटलेली एखादी मोकळी जागाही पुरते.

४०३ म्हणजे ‘ओळखले, पण परवानगी नाही’. इथे तीच किल्ली पुनःपुन्हा देऊन उपयोग नसतो, परवानगी वाढवून घ्यावी लागते. अर्थात सर्वच सेवा हा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत. चुकीच्या किल्लीलाही ४०३ देणाऱ्या सेवा आहेत. त्यामुळे क्रमांकासोबत आलेला मजकूर वाचावा.

४०४ म्हणजे ‘असे काही सापडले नाही’. पण यातही एक खोच आहे. गिटहबवर दुसऱ्याच्या खासगी साठ्याची मागणी पुरेशा परवानगीविना केली, तर ४०३ ऐवजी ४०४ येतो. ‘परवानगी नाही’ म्हटले तर असा साठा आहे हे तरी उघड होईल, म्हणून ही काळजी. त्यामुळे पत्ता तंतोतंत बरोबर असूनही ४०४ आला, तर टोकनची परवानगी तपासावी.

४२९ म्हणजे ‘विनंत्या फार झाल्या, थांबा’. यावर उपाय म्हणून प्रोग्रॅमला लगेच पुन्हा प्रयत्न करायला लावणे म्हणजे दार वाजवून कोणी उघडत नाही म्हणून आणखी जोरात वाजवणे. किती वेळ थांबायचे हे अनेक सेवा उत्तरातच सांगतात. बाजारभाव दिवसातून मोजक्या वेळा बदलत असतील, तर ते एकदा मागवून साठवणे आणि वाचकांना साठवलेल्यातून दाखवणे अधिक शहाणपणाचे.

सगळीकडे किल्ली पत्त्यातच द्यायची असते का?

नाही. पत्त्यात किल्ली देणे सोपे असले तरी त्यात धोका आहे. ‘एचटीटीपीएस’मुळे वाटेत कोणाला ती वाचता येत नाही हे खरे, पण पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो आणि कोणाला दुवा पाठवला की किल्लीही सोबत जाते.

म्हणून अनेक सेवा किल्ली ‘हेडर’मध्ये मागतात. पत्र आणि पाकीट यांत जो फरक, तसाच काहीसा हा प्रकार. ‘ऑथरायझेशन’ नावाच्या हेडरमध्ये ‘बेअरर’ हा शब्द, मग एक मोकळी जागा आणि मग टोकन असे लिहायचे असते. ‘बेअरर’ शब्द विसरणे किंवा मोकळी जागा न सोडणे, ही ४०१ची आणखी दोन कारणे. ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ‘बेअरर’ म्हणजे धारक. धारक धनादेश ज्याच्या हाती त्याला पैसे मिळतात, तसेच टोकन ज्याच्या हाती त्याला प्रवेश मिळतो. सर्व्हर चेहरा पाहत नाही.

जुनी ‘बेसिक’ पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. त्यात नाव आणि पासवर्ड ‘बेस-६४’ या लिपीत बदलून पाठवतात. ते गूढ दिसते, पण ती गुप्त लिपी नव्हे. कोणीही क्षणात उलगडू शकतो. गिटहबने तर नोव्हेंबर २०२० पासून एपीआयसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणेच बंद केले. टोकनचा फायदा असा, की ते एका कामापुरते आणि ठरावीक मुदतीचे देता येते, शिवाय पासवर्ड न बदलता रद्द करता येते.

किल्ली बाहेर गेली तर काय होते?

बाजारभावाची किल्ली फुटली तर फार तर कोणी आपली मर्यादा संपवेल. पण सवय तीच राहते आणि पुढची किल्ली पैशांची किंवा लोकांच्या खासगी माहितीची असते. उबरच्या बाबतीत २०१६ मध्ये हल्लेखोर कंपनीच्या गिटहबवरील खासगी साठ्यापर्यंत पोहोचले. तिथे त्यांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची किल्ली सापडली. त्यातून ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. कंपनीने हे वर्षभर दडवले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना तिला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले.

टोयोटाचे उदाहरण अधिक साधे आणि म्हणूनच अधिक बोलके आहे. ‘टी-कनेक्ट’ या सेवेच्या प्रोग्रॅमचा काही भाग एका कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सार्वजनिक राहून गेला. त्यात सर्व्हरची किल्ली होती. सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच वर्षे, ते कोणाच्या लक्षात आले नाही. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. इथे कोणी कुलूप तोडले नव्हते, किल्लीच दारात राहिली होती.

असे प्रकार किती सर्रास होतात याचा अंदाज गिटहबच्याच आकड्यावरून येतो. २०२४च्या पहिल्या आठ आठवड्यांत सार्वजनिक साठ्यांमध्ये १० लाखांहून अधिक किल्ल्या आणि तत्सम गुपिते फुटलेली आढळल्याचे त्यांनी सांगितले. त्यानंतर सार्वजनिक साठ्यात ओळखीच्या प्रकारची किल्ली चढवताना अडवण्याची सोय सर्वांसाठी आपोआप सुरू करण्यात आली.

पहिल्या दिवसापासून काय पाळावे?

किल्ली प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहू नये. ती संगणकाच्या ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’मध्ये किंवा ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये ठेवावी आणि ही फाइल ‘डॉट गिटइग्नोअर’च्या यादीत पहिल्याच दिवशी घालावी. एकदा चुकून चढलेली किल्ली फाइलमधून खोडून भागत नाही, कारण ‘गिट’ जुन्या सर्व आवृत्त्या जपून ठेवते. अशा वेळी किल्ली आधी रद्द करून नवी घ्यावी, साफसफाई नंतर.

मोबाइल अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दडवलेली किल्ली लपत नाही, थोड्या खटपटीने ती बाहेर काढता येते. अ‍ॅपने आपल्या सर्व्हरला विचारावे आणि सर्व्हरने किल्ली वापरून पुढे विचारावे, ही सुरक्षित वाट. अडचण विचारताना गटावर टाकलेला स्क्रीनशॉट, चॅटबॉटमध्ये जसाच्या तसा चिकटवलेला प्रोग्रॅम, प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टातील छापील मजकूर, यांतूनही किल्ली बाहेर जाते. सेवा परवानगी निवडू देत असेल तर फक्त वाचण्याचीच घ्यावी आणि मुदत कमीत कमी ठेवावी.

आणि उत्तर आल्यावर २०० पाहून थांबू नये. एकूण नोंदी किती, हाती किती, तारीख कोणती, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यानंतर लासलगावचा एक तरी दर बाजार समितीच्या फलकावरील आकड्याशी ताडून पाहावा. तो जुळला, की पहिली विनंती खऱ्या अर्थाने पूर्ण झाली.